वहिनी कानाने वाचतात

वहिनींनी चष्मा खुर्चीवर ठेवला आणि मी खुर्चीवर बसलो. कटकन आवाज झाला. मी आधी स्वतःची हाडं चाचपून पाहिली. ती शाबूत होती.

"काय मोडलं?" वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही विशेष नाही."

दादाशी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून माझं 'विशेष नाही' त्यांच्या चांगल्या परिचयाचं आहे. हात पुसत बाहेर आल्या, दोन्ही भिंगांच्या ठिकऱ्या पाहिल्या. एरवी त्यांनी मला त्याच ठिकऱ्यांवर पुन्हा बसवलं असतं. पण त्या नुसत्या मटकन खाली बसल्या, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा. कारण तासाभरात त्यांची मुलाखत होती.

आमच्या भागातल्या वाचनालयात वहिनी कित्येक वर्षं हंगामी होत्या. पुस्तकं द्यायची, घ्यायची, पानं दुमडणाऱ्यांना झापायचं. "हंगामी फळं असतात भाऊजी, माणसं नाही," असं त्या म्हणायच्या. आता कार्यकारिणीच्या मनात आलं होतं की पुस्तकं जशी आली तशी कोंबून न ठेवता प्रकारवार लावावीत: कथा एका कपाटात, नाटकं दुसऱ्यात, चरित्रं तिसऱ्यात. ज्याला हे जमेल त्याला कायम करायचं. नाही जमलं तर ती खुर्ची दुसऱ्या कुणाची.

मी त्यांची शिकवणी घेतली होती. ती अशी चालायची:

"कादंबरी म्हणजे मानवी जीवनाचा व्यापक पट."

"पट म्हणजे?"

"आवाका."

"मग आवाका म्हणायला काय जीभ झडते का?"

सगळ्यात जास्त वैर होतं ते ललित लेखनाशी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका वाचकाने फोनवर विचारलं होतं, "ललित आहे का?" वहिनी म्हणाल्या, "नाही हो, या नावाचं आमच्याकडे कुणी काम करत नाही." वाचनालय महिनाभर हसत होतं. तेव्हापासून हा शब्द कानावर पडला की त्यांचा चेहरा, जुनी उधारी आठवावी तसा व्हायचा.

तर माझं कोपर धरून वहिनी निघाल्या. समोरचा माणूस दिसत होता, पण अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. वाचनालयाच्या जिन्यावर दादाचा फोन आला; निघताना मी त्याला निरोप धाडला होता. "चष्मा मोडलाच कसा?"

"त्याचं काय आहे दादा," मी सुरू केलं, "लहानपणापासूनच मी जरा—"

"आत्मचरित्र नको!" वहिनींनी फोन हिसकावला. "अहो, भाऊजी बसले त्याच्यावर. संपलं." फोन बंद करून मला म्हणाल्या, "तुम्हाला एका वाक्याची बातमी द्यायची तर त्याचं पुराण करता."

आणि त्या तिथेच थांबल्या. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या.

"भाऊजी, मी आत्ता काय म्हणाले?"

"पुराण म्हणालात. त्याआधी आत्मचरित्र."

"आणि हे उशिरा आले की मी म्हणते रहस्यकथा. तुमच्या आत्याचा फोन आला की शोकांतिका." त्यांनी माझं कोपर इतकं दाबलं की मी कळवळलो. "अहो, मला हे येतं! रोज ऐकून ओळखते की!"

आत टेबलावर कव्हरं आणि पहिली पानं गेलेली पुस्तकं मांडली होती. पलीकडे अध्यक्ष, सचिव आणि साहित्य शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. वहिनींना खुर्चीपर्यंत पोचवायला म्हणून मी आत शिरलो आणि कुणी हाकललं नाही म्हणून थांबलो.

"चष्मा मोडलाय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मधूनच कुठूनही वाचा, मी सांगते."

"परीक्षा तुमची की आमची?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुमचीही होऊन जाईल."

बाई हसल्या, त्यामुळे सचिवांना वाचावंच लागलं. "'त्या वर्षी मी शाळा सोडली. वडिलांना वाटलं मी बिघडलो. खरं तर मी तेव्हाच सुधारलो.'"

"आत्मचरित्र. स्वतःच्या चुकीचं एवढं कौतुक दुसरं कोण करणार?"

"कादंबरीतला नायकही 'मी' म्हणतो," बाईंनी अडवलं.

"मग आणखी वाचा."

सचिवांनी पानं उलटली. "'या कार्यात ज्यांचं सहकार्य लाभलं, ते पुढीलप्रमाणे—'"

"झालं. कादंबरीचा नायक आभार मानत नाही. त्याला वेळच नसतो."

मग अध्यक्षांनी एक पुस्तक उचललं आणि घसा खाकरून वाचलं, "'आलास?' 'आलो.' 'कशाला?' 'जायला.'"

"नाटक."

"कथेतही माणसं बोलतात," अध्यक्ष म्हणाले.

"बोलतात, पण लेखक गप्प बसत नाही ना! 'तो खिन्नपणे म्हणाला' असं मध्ये नाक खुपसतोच. इथे खिन्न व्हायचं काम नटावर सोपवलंय."

अध्यक्ष पुस्तक हातात धरून, खिन्न न होता, हसले. पण आता बाईंनी ढिगाच्या तळातून एक पातळ पुस्तक काढलं. "'काल कपाट आवरताना एक बटण सापडलं. कुठल्या सदऱ्याचं, ते आठवेना. मग वाटलं, बटणाला तरी सदरा आठवत असेल का?'"

वहिनींनी कान पुढे केला. मी मनातल्या मनात 'कविता' म्हणालो, मग 'कथा' म्हणालो आणि मग मला शिकवणी घेतल्याची लाज वाटली.

"पुढे काही घडतं का?" वहिनींनी विचारलं.

बाई पान उलटून म्हणाल्या, "बटण अजून हातातच आहे."

"त्याच्या पुढे?"

"अजूनही हातातच."

वहिनी ताठ बसल्या. "हे बघा बाई. कथा असती तर बटण कुणाचं ते शेवटी कळलं असतं. रहस्यकथेत त्याला रक्त लागलेलं असतं. कवितेत त्याचा चंद्र झाला असता. हे गृहस्थ बटण घेऊन नुसते बसलेत, आणि तरी आपल्याला उठावंसं वाटत नाही. हे ललित!"

बाईंनी पुस्तक मिटलं आणि टाळी वाजवली. मग सचिवांनी, मग अध्यक्षांनी. मीही वाजवली, शिकवणीच्या नात्याने जरा जास्तच.

त्याच दुपारी वहिनी कायम झाल्या. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर कपाटांवर ठळक अक्षरात पाट्या, आणि वहिनी मधोमध उभ्या, सेनापतीसारख्या. वाचक आत येत होते, पाट्या वाचत होते आणि बरोबर हव्या त्या फळीशी जात होते. एका आजोबांनी विचारलं, "ललित आहे का?" वहिनींनी मान उंच करून सांगितलं, "आहे तर! खिडकीजवळचं अख्खं कपाट."

मी पुढे झालो. म्हणालो, "वहिनी, हे सगळं मी लिहून काढणार. पुस्तक निघालं तर कोणत्या कपाटात ठेवाल?"

"कपाटाचं राहू द्या भाऊजी, आधी कुणी घरी नेतंय का ते बघू."