चष्म्याच्या मशीनमधला मध

एखादी नवी गोष्ट कळली की ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या उतावळेपणापायी मी आयुष्यात बऱ्याचदा तोंडघशी पडले आहे. पण त्या जानेवारीत पडले तशी कधीच पडले नव्हते, कारण त्या वेळी माझ्याबरोबर एका म्हाताऱ्या माणसाची अब्रूही पडली.

लोणावळ्याच्या बाजारात माझं चष्म्यांचं दुकान आहे. काउंटरवर जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन असतं. स्टीलच्या भांड्यात पाणी घालायचं, चष्मा बुडवायचा, बटण दाबायचं. तीन मिनिटं बारीक चिरचिर ऐकू येते आणि बिजागरीत, नाकाजवळच्या पट्टीत वर्षभर साचलेला मळ धुरासारखा पाण्यात उतरतो. गिऱ्हाईक बघतच राहतं. मी मात्र बारा वर्षं ते मशीन वापरूनही त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

एकदा एक प्राध्यापक बाई चष्म्याची काच बदलायला आल्या. त्या अन्नप्रक्रिया शिकवायच्या. मशीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आम्ही याच आवाजाने फळांचा रस टिकवतो, न उकळता."

मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी समजावून सांगितलं. हा आवाज इतका उंच असतो की आपल्या कानाला तो मूळ रूपात ऐकूच येत नाही. त्याने पाण्यात असंख्य बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि त्यांच्या धक्क्यांनी मळ सुटतो. मोठ्या यंत्रात हेच धक्के रसातल्या जंतूंना मारतात, हळदीतला रंग बाहेर काढतात, कडधान्य लवकर भिजवतात, थिजलेला मध पातळ करतात. विस्तव लागत नाही, म्हणून चव आणि वास जागच्या जागी राहतात. मी त्यांना तासभर सोडलं नाही. बिल करायचंही विसरले, त्यांनीच आठवण केली.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि मशीन घरी नेलं. भांडं तीनदा घासलं. काचेच्या एका बरणीत मूठभर मटकी आणि पाणी घालून ती मशीनमध्ये ठेवली आणि तेवढीच मटकी नुसती वाटीत भिजत घातली. मशीनमधली खरंच आधी फुगली! मी टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, "म्हणजे उद्या चष्म्याची उसळ." त्याने पुढचे चार दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना हेच सांगितलं, पण मला काही वाटलं नाही. इतकी वर्षं माझ्या काउंटरवर हे बसलं होतं आणि मी त्याला चष्मे धुवायला लावत होते!

पवनानगरच्या पलीकडच्या एका वाडीतले एक आबा माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पंधरा-वीस पेट्या आहेत. पोळ्यातली अंडी बघायला चष्मा लागतो आणि चष्म्याला हटकून मेण लागतं, म्हणून दर दोन महिन्यांनी जीप आणि लोकल करून ते माझ्याकडे चष्मा धुवायला येत. त्या जानेवारीत आले ते चष्मा न काढताच स्टुलावर बसले. पायाशी खोका होता. खोक्यात मधाच्या छोट्या काचेच्या बाटल्या होत्या, बोटभर उंचीच्या.

"ह्ये परत आलं," ते म्हणाले.

धरणाजवळ एक होमस्टे आहे. निघताना पाहुण्यांच्या हातात मधाची एकेक बाटली द्यायची अशी तिथे पद्धत होती आणि तो मध आबांचा असायचा. थंडी पडली आणि बाटल्यांमधला मध तळापासून पांढरा, रवाळ झाला. एका पाहुण्याने तक्रार केली. होमस्टेच्या मालकाने आबांना बोलावलं आणि भर स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर सुनावलं, की दिवाळीत चांगला मध दिलात आणि आता साखरेचा पाक गळ्यात मारताय.

"थंडीत मध थिजतो, ह्ये त्येला किती येळा सांगितलं. त्यो म्हनतो, तळाला साखर दिसतीया." आबांनी एक बाटली उजेडात धरली. "तितला सैपाकी म्हनला, गरम पान्यात ठिवा, पातळ हुईल. मी न्हाई म्हनलो. मध तापवून कुनाला खायाला द्यायचा न्हाई, ह्ये माझ्या बानं शिकवलंय."

मग ते म्हणाले, "पोरी, वाडीत समद्यांना कळलंय. चोर म्हनून घ्यायला का पेट्या ठिवू? ह्या हप्त्यात पेट्या दिऊन टाकतो कुनाला तरी."

चाळीस वर्षं माश्या पाळणारा माणूस हे बोलत होता. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला प्राध्यापक बाईंचं वाक्य आठवलं आणि रागाच्या जागी आनंदच उसळला. "आबा, खोका इथेच ठेवा! दोन दिवस द्या मला. तोवर पेट्यांना हात लावू नका," मी म्हटलं. काय करणार ते सांगितलं नाही. फसलं तर काय, अशी भीती होती. एवढं एकदाच मी तोंड बंद ठेवलं, तेही नको तिथे.

प्राध्यापक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, करून बघा, पण एकेकच बाटली ठेवा आणि पाणी कोमट होऊ लागलं की लगेच बदला. पहिल्या बाटलीसाठी मशीन सहा वेळा चालवलं, काहीच झालं नाही. दहाव्या वेळी कडेचा पांढरेपणा जरा सैल झाल्यासारखा वाटला. मग तळाचा थर मधोमध फुटला, त्याचे ढग झाले, ढग पातळ झाले, आणि तासाभराने मी बाटली खिडकीत धरली तेव्हा तिच्यातून समोरच्या चिक्कीच्या दुकानाची पाटी दिसत होती! मी दुकानातल्या दुकानात उड्या मारल्या. चाचणी द्यायला बसलेल्या काकूंना वाटलं, त्यांचा नंबर कमी झाला.

दोन दिवसांत बारा बाटल्या झाल्या. पाण्यात भिजून लेबलं सुटली होती, ती मी नखाने खरवडून काढली, झाकणांवरचे काळे डाग स्पिरिटने घालवले, बाटल्या पुसून लख्ख केल्या. आबांची वाट कशाला बघायची? स्कूटर काढली आणि थेट होमस्टे गाठला.

मालक पुण्याचे, चाळिशीचे, बोलायला सभ्य. त्यांनी एक बाटली उन्हात धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. माझाही उजळला.

"हा बघा, याला म्हणतात ओरिजिनल मध," ते म्हणाले. "म्हणजे चांगला माल होता त्यांच्याकडे. मग आम्हाला साखरेचा का दिला?"

मी सांगितलं, हा तोच मध आहे. ते हसले. मी मशीनचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, लेबलसुद्धा नाहीये हो यावर. नव्या बाटल्या आहेत, कळतं मला." आणि खरंच, त्या नव्याच दिसत होत्या. नव्या दिसाव्यात म्हणून मीच तर घासल्या होत्या. त्यांना संशय होता, मी त्याचा पुरावाच करून दिला, तोही स्वतः स्कूटरवरून नेऊन. परतीच्या वाटेवर मला रडू येत होतं आणि स्वतःला थोबाडीत मारावंसंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आबा आले. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी खोक्यात उरलेल्या बाटल्या मोजल्यासारखं केलं, मग एक उचलली. झाकणावर काळ्या पेनाने फुली होती, मी डाग समजून पुसल्या होत्या तसलीच.

"परत देताना मालकानंच मारल्यात ह्या फुल्या. ही बाटली त्येला वळखावी लागंल," ते म्हणाले. "तुजं मशीन उचल. तितंच करू, त्येच्या सैपाकघरात. जितं बोलला तितं."

ज्या गोष्टीला मी दोन दिवस डोकं लावलं, तिच्यात काय राहिलं होतं ते या माणसाने एका दमात सांगितलं. मशीन मी ओढणीत गुंडाळून आबांच्या मांडीवर दिलं आणि आम्ही स्कूटरवरून निघालो. वाटेत आबा दोनदा म्हणाले, "सावकाश, मशीन पडंल." स्वतःबद्दल काही म्हणाले नाहीत.

मालकांनी हो-नाही करत आत घेतलं. फुली ओळखली, ती नाकारता येत नव्हती. ओट्यावर मशीन ठेवलं, स्वयंपाक्याने माठातलं पाणी दिलं, बाटली बुडवली, चिरचिर सुरू झाली. मग मालक म्हणाले, "पण साखरसुद्धा विरघळेलच की यात. यातून काय सिद्ध होणार?"

प्रश्न बरोबर होता. साखर घालून मी करूनच बघितलं नव्हतं.

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. "मग साखर टाकून बगा की," ते म्हणाले. "तुमचा तो ओरिजिनल हाय न्हवं, त्येच्यात टाका."

मी आदल्या खेपेला तिथेच सोडून गेलेल्या बारापैकी एक बाटली फडताळात होती. स्वयंपाक्याने तिच्यात चमचाभर साखर घातली, ढवळली, ती तळाशी जाऊन बसली. मशीन लहान, दोन बाटल्या जेमतेम मावल्या. एक फुलीची, एक साखरेची. मी बटण दाबलं आणि मनात म्हटलं, साखर विरघळली तर आबांच्या पेट्या गेल्या, आणि त्या माझ्यामुळेच गेल्या.

तीन मिनिटं. पुन्हा तीन मिनिटं. पाणी बदललं. मालकांनी बोट बुडवून पाहिलं, पाणी गारच होतं. पाऊण तास झाला तरी दोन्हींकडे तळ जाड. मालक फोन बघू लागले. मग स्वयंपाकीच ओट्यावर वाकला आणि म्हणाला, "साहेब, हे हलतंय बघा."

फुलीच्या बाटलीत ढग सुटले होते. ते बघायला आम्ही चौघं डोक्याला डोकं लावून उभे राहिलो, मालकांनी फोन खिशात टाकला. ढग वर चढले, विरळ झाले. शेजारच्या बाटलीत साखर तशीच पडून होती, दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. अजून तीन मिनिटं, अजून तीन. शेवटी मालकांनी स्वतः दोन्ही बाटल्या काढल्या आणि खिडकीत धरल्या. एका हातात सोनेरी मध, झाकणावर त्यांचीच फुली. दुसऱ्या हातात तळाशी कचकचीत साखर. मी ओरडलेच. काय ओरडले ते आठवत नाही, पण स्वयंपाकीही माझ्याबरोबर ओरडला. आबा मात्र दोन्ही बाटल्यांकडे बघतच होते. मला त्या क्षणी त्या मशीनचा इतका अभिमान वाटला, जणू ते मीच बनवलं होतं.

मालकांनी झाकण उघडून मध चाखला. मग हळू आवाजात म्हणाले, "आबा, चुकलो मी. मध तुमचा खरा होता. फेब्रुवारीपासून पुन्हा द्या, जेवढा होईल तेवढा."

तोवर त्यांनी आबांना कधी आबा म्हटलं नव्हतं, नुसतं मधवाले म्हणायचे. मला वाटलं, झालं आपलं काम. मी मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

आबा जागचे हलले नाहीत. मागच्या दाराबाहेर, मोरीवर, एक बाई नळ सोडून पातेली घासत होती. ती आबांच्याच वाडीतली. त्या दिवशीही ती तिथेच बसली होती आणि तिच्याच तोंडून सगळ्या वाडीला कळलं होतं.

"मालक," आबा म्हणाले, "त्या दिशी तुमी लय मोठ्यानं बोलला व्हता. आता बोलला ते तिला ऐकू गेलं न्हाई."

मालकांनी एकदा आबांकडे पाहिलं. मग ते मागच्या दारातून बाहेर गेले आणि त्या बाईला म्हणाले, "मावशी, जरा नळ बंद करा."