शिलाई मशीनचं तेल

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. आईजवळ नाही, आमच्या फूटपाथ समितीतल्या मैत्रिणींजवळही नाही. आणि मी तर बोलत सुटणारी — जयनगरच्या निम्म्या खांबांवर माझी पत्रकं चिकटलेली आहेत. ‘चूक कोणाची? लेखी उत्तर द्या!’ हे माझं ठरलेलं वाक्य. दुसऱ्याला विचारायला किती सोपं, नाही?

बाबांचा एक मेकॅनिकल कीबोर्ड आहे. काळा, विटेसारखा जड. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले तेव्हा हौसेनं घेतलेला. त्यांची बोटं थोडी थरथरतात — पहिल्यापासूनच. लॅपटॉपच्या सपाट बटणांवर त्यांना समजायचं नाही, दाबलं गेलं की नाही. इथे प्रत्येक कळ टक् करून सांगते. त्या टकटकाटावर ते दर महिन्याला मराठी मंडळाचं वार्तापत्र काढत. कोणाकडे बारसं, कोण बेळगावहून नवं आलं, कोण गेलं. चार पानं. पण त्या चार पानांसाठी ते महिनाभर जगायचे.

आणि दर पहिल्या रविवारी साफसफाई. कळांच्या टोप्या एकेक उपटायच्या, स्टीलच्या पातेल्यात साबणाच्या पाण्यात टाकायच्या, मग पंच्यावर सुकवायच्या. आतले स्विच मात्र कोरड्या ब्रशनेच. “आत पाणी नाही. आणि तेल तर नाहीच नाही, मनू,” — मी काही विचारलेलं नसताना. मी हसायचे. “झाला का अभिषेक?” म्हणायचे.

गेल्या वर्षी ते आणि आई लग्नाला म्हैसूरला गेले, तेव्हा मी तो कीबोर्ड न विचारता घेतला. पत्रक लिहायचं होतं. उखडलेल्या फरशीवर एक आजोबा पडले होते, आणि वॉर्डातले साहेब आम्हाला म्हणाले होते, “वयस्करांनी स्वल्प, थोडं बघून चालायला पाहिजे.” काय संतापले होते मी! ‘दोष पायांचा नाही, फरशीचा आहे’ — हे वाक्य टाइप करताना कोपर लागलं आणि फिल्टर कॉफी सांडली. कळांवर. साखरेसकट.

चमच्याच्या दांड्याने टोप्या उपटल्या, धुतल्या, बसवल्या. पण तीन कळा चिकटूनच राहिल्या. र, क, त — मराठी कीबोर्डवर तिघंही शेजारी. मग मी काय करावं? आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि तिन्ही स्विचमध्ये दोन-दोन थेंब सोडले. कळा सुळकन चालू लागल्या.

“साफ केलास?” बाबांनी आल्या आल्या विचारलं. बोटं फिरवून पाहिली. इतके खूश झाले, की — नाही. तेव्हाच सांगता आलं असतं. मी “हो” म्हटलं.

आठवड्याभरात तीच तीन अक्षरं गळायला लागली. बाबा कीबोर्डकडे बघायचेच नाहीत, स्वतःच्या हातांकडे बघायचे. एकदा हाक मारून म्हणाले, “बघ गं, मी दाबतोय, पण उमटत नाही. कीबोर्ड म्हणावा तर तू आत्ताच साफ केलायस. हातच गेले वाटतं माझे.”

आणि मी? पत्रकं लिहिणारी मी?

“वय झालं, बाबा. स्वल्प जोर लावून दाबा.”

“सरी, बरं,” म्हणाले.

वार्तापत्राचे दोन अंक त्यांनी जोर लावून काढले. बोटांची टोकं दुखायची, गरम पाण्यात बुडवून बसायचे. डॉक्टर म्हणाले, थरथर वाढलेली नाही. बाबांना वाटलं, धीर देतायत. मग एक दिवस त्यांनी वार्तापत्र चामराजपेटच्या एका काकांकडे सोपवलं. फाइल नेऊन दिली आणि घरी येऊन पेपर उलटा-सुलटा करत बसले.

पुढे मी बाजारातून स्विच साफ करायचा स्प्रे आणला. ते फिरायला गेलेले असताना तिन्ही स्विच धुऊन काढले. तिन्ही अक्षरं उमटली, एका हलक्या दाबात. आता नुसतं ‘बाबा, बघा’ म्हणायचं होतं. पण ते इंजिनिअर. पहिला प्रश्न आला असता — काय झालं होतं? मी कीबोर्ड होता तिथे ठेवून दिला.

ते अजून पहिल्या रविवारी टोप्या धुतात. वायर जोडत नाहीत. परवा मी दारात उभी होते. पंच्यावर शंभरेक टोप्या, आणि बाबा एकेक उचलून जागेवर बसवत होते, थरथरत्या बोटांनी, एकही न चुकता. शेवटची उरली तेव्हा मला बोलावलं.

“ही तू बसव. तुझी बोटं चांगली आहेत.”

क होता. मी बसवला.

बाबांची बोटं चांगली होती. तेल मी घातलं होतं.