कूलर बंद करून पाहायचे सिनेमे

मी भयपट पाहत नाही. पाहूच शकत नाही, मला भीती वाटते... हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तो विजूभाऊ जुलैच्या सुरुवातीला नागपूरच्या दवाखान्यात वारला. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी प्लँटच्या बसमधून उतरत होतो. मागच्या माणसाला उतरायला जागा न देता तसाच पायरीवर उभा राहिलो. तो ओरडला, मग माझं तोंड पाहून त्यानंच मला हाताला धरून खाली उतरवलं. पुढच्या आठवड्यात या पुरवणीतून फोन आला. तुमचे मित्र गेले, वाईट वाटलं, तुम्ही दोघं मिळून अख्ख्या ऊर्जानगरला भुताचे सिनेमे सुचवायचा असं ऐकलंय, तर त्यांच्याविषयी लिहा आणि जाता जाता अलीकडचे चार चांगले भयपटही वाचकांना सुचवा. दोघं मिळून, म्हणे. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि बराच वेळ स्वतःवर चिडत बसलो.

ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या या कॉलनीत, बदलून आलो तेव्हा एकटाच होतो, घरची मंडळी अकोल्याला. क्वार्टरमध्ये सामान अजून दोरीनं बांधलेलंच होतं. समोरच्या दारातून एक उंच माणूस लुंगी सावरत आला आणि नाव नाही, गाव नाही, सरळ विचारता झाला, "भुताचे पिक्चर पाहतेस का?" नाही म्हटलं तर हा असाच मागे फिरेल असं वाटलं, आणि त्या दिवसांत मला माणसाची फार गरज होती. म्हटलं, पाहतो की. "मंग चाल, चहा घे." एवढ्या एका खोट्यावर आमची दोस्ती उभी राहिली, आणि ती इतकी चांगली उभी राहिली की नंतर ते खोटं काढून घ्यायची हिंमत झाली नाही.

विजूभाऊचा भुतांवर काडीचाही विश्वास नव्हता. रविवारी विहारात वंदनेला जाणारा, कॉलनीत कुणाच्या अंगात आलं की आधी ताप मोजायला लावणारा माणूस. म्हणायचा, "भूत नाई म्हणूनच पाहतो ना बे. वाघाचं भेव खरं असते, त्याच्यात कायची मजा." हे तो सहज बोलायचा. सेकंड शिफ्ट सुटल्यावर वाघाच्या भीतीनं मोटरसायकली घोळक्यानं काढाव्या लागतात असा आमचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झुडपं, आणि त्या रस्त्यावर घोळक्याच्या सगळ्यांत मागची गाडी नेहमी त्याचीच असायची.

सिनेमा देण्याची त्याची एक रीत होती. पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायचा, पण नाव बदलून. मूळ नाव कुणाला कळू द्यायचा नाही. नाव कळलं की लोक आधी मोबाइलवर गोष्ट वाचून घेतात आणि मग भ्यायला बसतात, यावर त्याचा फार राग. तेव्हा 'मोजणीवाला', 'पाच ताटं' अशी त्यानंच ठेवलेली नावं. दुसरा नियम, एकट्यानं पाहायचा. "दोघं बसले की भेव वाटून घेतल्या जाते, मंग कोणालेच पुरत नाई." आणि तिसरा नियम आमच्या भागात पाळायला सगळ्यांत अवघड. कूलर बंद करायचा. कूलरच्या घरघरीत सिनेमातली शांतता ऐकू येत नाही, आणि त्याच्या मते भीती सगळी त्या शांततेत असते. मे महिन्यात, नाइट करून झोप काढल्यावर, हा माणूस भर दुपारी खिडक्या लावून, कूलर बंद करून, मांडीवर टॉवेल घेऊन दीड-दोन तास घामात बसायचा. संध्यावहिनी, त्याची बायको, चिडून शेजारी निघून जायच्या. चंद्रपुरातल्या उन्हाळ्यात कूलर बंद करणं, याहून भयानक सिनेमात काय दाखवणार, असं त्या म्हणायच्या.

पण खरी गंमत याच्या पुढे होती. तो सिनेमा माणूस पाहून द्यायचा. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखायचा आणि तेवढंच नेमकं काढून हातात ठेवायचा. आमच्याकडचा एक तरुण इंजिनिअर नुकताच बाप झाला होता, हसायचा कमी आणि ओव्हरटाइम मागायचा जास्त. त्याला 'पाच ताटं' दिला. केरळकडचा आहे, दोनएक वर्षांपूर्वीचा. घरात माणसं चार, पण रोज जेवायला ताटं पाच वाढली जातात, आणि घरातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. तो पोरगा दोन दिवसांनी कँटीनला आला, विजूभाऊच्या शेजारी बसला आणि बाळ झाल्यापासून आपल्याला आपल्याच घरात उपरं वाटतं हे सगळ्यांसमोर बोलला. जिवतीकडून आलेला एक सहकारी, आई गावी एकटी, सहा-सहा महिने घरी जाणं नाही. त्याला 'मोजणीवाला'. भूमापक एका डोंगरी गावात मोजणीला जातो, रोज मोजतो आणि रोज गावात एक घर जास्त भरतं. तो माणूस सिनेमा पाहून दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेला. विजूभाऊ मला म्हणाला, "भेव गेलं की माणूस बोलते, अनिल. आधी बोलत नाई."

आणि मी? मला प्रत्येक पेन ड्राइव्ह मिळायचा. मी कूलर फुल करायचो, आवाज बंद करायचो, पहिली काही मिनिटं पाहायचो आणि बोटानं सरळ शेवटाला न्यायचो. सुरुवात आणि शेवट. मधलं काही नाही, कारण भीती वाढत जाते ती मधेच. मग कँटीनला मी त्याच्या शेजारी बसून मान हलवायचो, "शेवट भारी आहे," म्हणायचो. लोक मलाही विचारू लागले, अनिलभाऊ, एखादा सांगा ना. आणि मी विजूभाऊची वाक्यं माझी म्हणून सांगायचो, चेहरा गंभीर करून. लोकांनी मला जाणकार ठरवलं. आज या लेखासाठी बोलावलं गेलं ते त्याच जोरावर. लाज वाटते म्हणण्यापेक्षा खरं सांगायचं तर चीड येते.

या मार्चची गोष्ट. उन्हं तापायला लागली होती आणि मी व्हरांड्यात कूलरच्या जाळ्या काढून नवी खस भरत बसलो होतो. आदल्या आठवड्यात विजूभाऊनं मला 'पाणीवाला' दिला होता. देताना नेहमीसारखी चेष्टा केली नव्हती. फक्त म्हणाला होता, "हा पाहून घे लवकर. मंग बोलू." मी पाहिला होता, म्हणजे माझ्या पद्धतीनं. एका माणसाला स्वतःच्या घराच्या भिंतीत पाणी वाहत असल्याचा आवाज येतो, दुसऱ्या कुणालाच येत नाही, आणि शेवटी ती भिंत फुटते. विजूभाऊ दारात येऊन उभा राहिला. खुर्ची दिली तर बसला नाही.

"पाह्यला का?"

"पाहिला ना. भारी आहे."

"भेव कुठी वाटलं तुले?"

"शेवटी. ती भिंत फुटते तिथं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग थोडा हसला. "अन् मधात?"

"मधातही भारी आहे," मी म्हटलं, आणि लगेच कूलरच्या मोटारीकडे वळलो. पंप पाणी वर चढवत नाही, नवा घ्यावा का, की भद्रावतीचा तो मेकॅनिक बोलवावा, असं काहीबाही बोलत राहिलो. त्यानं पंप हातात घेतला, उलटा करून पाहिला, आतला कचरा काढून दिला. "बरं, चलतो," म्हणाला आणि अंगण ओलांडून गेला. त्याच्या पाठीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. पंप चालू झाला याचाच आनंद होता.

मे महिन्यात जेव्हा त्याला अन्न जाईनासं झालं, तेव्हा घरात कळलं. यकृत. तपासणीचे कागद फेब्रुवारीतच त्याच्या हातात आले होते, आणि तेव्हापासून तो एकटाच ते डोक्यात घेऊन कामावर येत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं की आधी आले असते तर काही करून पाहता आलं असतं, कितपत ते सांगता येत नाही. हे 'कितपत' मला सोडत नाही. मी त्याच्यावरही चिडलो. आजही चिडतो. अरे, सरळ सांगायचं ना! पोटात दुखतंय, कागद असे आहेत, चल नागपूरला. एवढी तीन वाक्यं. सिनेमे कसले सुचवतोस? भुतांना न घाबरणारा माणूस एका बाईसमोर आणि दोन मुलांसमोर तोंड उघडायला इतका घाबरला? दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून हे सगळं माझ्या ओठांवर यायचं, आणि मी विचारायचो, नारळपाणी आणू का. म्हणजे मी तरी कुठे वेगळा होतो!

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. मी आमच्या सिनेमांच्या दोस्तीवर बोललो. लोक रडले, हसलेसुद्धा. कूलरचा किस्सा सांगितला तेव्हा वहिनीही हसल्या. कार्यक्रम संपल्यावर त्या चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अनिलभाऊ, एक गोष्ट सांगू? हे आपल्या बिमारीचं आधी तुमालेच सांगणार होते. दवाखान्यात मले म्हणे, मी अनिलकडे गेलो होतो, त्याले सांगितलं असतं तर त्यानं गाडीत टाकून नेलंच असतं मले नागपूरले. पण म्हणे त्यानं पिक्चरचा मधला भाग पाह्यलाच नाई. मले हासू आलं अन् सांगायचं राहून गेलं." हे सांगताना त्यांनाही हसू आलं. मी म्हटलं, हो वहिनी, तेव्हा कूलरच्या गडबडीत होतो, तेवढा एक राहिला पाहायचा. तेवढा एक! त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्याच दारात मी हे बोललो.

म्हणजे त्याला माहीत होतं. त्या दिवशी तर नक्कीच. आणि आधीही, कुणास ठाऊक... कँटीनला मी मान हलवायचो तेव्हा तो चहात पाहत बसायचा, ते आता आठवतं.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. पावसाळ्यात कूलर आम्ही पाण्याशिवाय नुसता पंख्यासारखा चालवतो, तो बंद केला. खिडक्या लावल्या, टॉवेल घेतला आणि 'पाणीवाला' सुरुवातीपासून लावला, आवाजासकट. दोनदा उठून दारापर्यंत गेलो, हे मान्य करतो. पण मधला भाग आला तेव्हा बसून राहिलो. तिथे भूत नाही, संगीत नाही, काहीच नाही. तो भिंतीतला आवाज ऐकणारा माणूस आपल्या भावाकडे जातो. भाऊ त्याला जेवायला वाढतो आणि बोलत राहतो, रस्त्याचं काम, पोरांची फी, टीव्हीवरची मॅच. हा घास चावतो आहे. तोंड उघडतो, भाऊ भात वाढतो. पुन्हा उघडतो, भाऊ लोणचं आणायला उठतो. मग हा हात धुतो, चपला घालतो आणि निघतो. भाऊ दारातून म्हणतो, येत जा. बस, एवढंच. घामानं बनियन भिजला होता आणि खोलीत एवढी शांतता होती की समोरच्या क्वार्टरमध्ये भांडं ठेवल्याचा आवाज आला. विजूभाऊनं सिनेमा माणूस पाहून दिला होता.

तेव्हा वाचकांसाठी माझी शिफारस या तीन सिनेमांची, पहिले दोन ज्यांनी पाहिले त्यांच्या भरवशावर आणि तिसरा माझ्या. तिन्ही गेल्या दोन-तीन वर्षांतले. चौथा मी सांगू शकत नाही, कारण बाकीच्यांची मला फक्त सुरुवात आणि शेवट माहीत आहे. मूळ नावंही मला माहीत नाहीत, त्यानं ती कळू दिलीच नाहीत. तुम्हाला याचा राग येईल. मलाही येतो. कुठे मिळालेच तर एकट्यानं पाहा, कूलर बंद करा, आणि ज्यानं सुचवला त्याला मधल्या भागाबद्दल खरं सांगा. नसेल पाहिला तर नाही पाहिला म्हणा. तो माणूस दारात उभा आहे तोवर म्हणा.

काल दुपारी समोर वहिनींकडे गेलो होतो. बाहेर ऊन-पाऊस आणि उकाडा, तरी घरातला कूलर बंद. लावा ना वहिनी, म्हटलं. "राहू द्या. या वेळेले बंदच राह्यचा ना, सवय झाली," म्हणाल्या. मग त्यांनी टीव्हीमागून पेन ड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवला. आयुष्यात एकही पाहिला नाही, आता एखादा पाहावा म्हणते, तुम्ही त्यांच्याबरोबर सगळे पाहिलेत, कोणत्यापासून सुरू करू ते सांगा. मी म्हटलं, विचार करून सांगतो. आणि अंगण ओलांडून परत आलो.

मी त्यातले सिनेमे पाहिलेले नाहीत, आणि विजूभाऊ सांगायला आला तेव्हा त्याला बोलू न देणारा मीच होतो, हे हा लेख छापून येण्याआधी समोरच्या दारात उभं राहून वहिनींना तोंडानं सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.