दंडाच्या आतल्या बाजूला

कंडक्टरच्या लायसनसाठी प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट लागतं, हे मला अर्ज भरताना कळलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चारच वर्षं झाली होती. मी मॅट्रिक पास झालेला, आमच्या घरातला पहिला. बुलढाण्याला एका शाळेत दर रविवारी एक म्हातारे डॉक्टर हा वर्ग घ्यायचे. मला वाटलं, दोन-चार पट्ट्या बांधायला शिकवतील आणि कागद देतील.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "जोड्या लावा. एकमेकांची नाडी बघायची आहे."

मी भिंतीशीच थांबलो. आम्ही बौद्ध झालो त्याला थोडी वर्षं झाली होती, पण गावातले लोक आम्हाला जुन्याच नावानं ओळखत. कोण हात पुढे करतो ते आधी बघायचं आणि मग आपण हलायचं, ही सवय अंगात मुरलेली. बाकीच्यांच्या जोड्या लागल्या. देऊळघाटचा एक माळ्याचा पोरगा उरला होता. त्यांचा भाजीचा मळा होता आणि त्यालाही कंडक्टरच व्हायचं होतं. तो सरळ माझ्यापुढे आला.

"काऊन उभा राह्यला बे? दे हात."

त्यानं माझं मनगट धरलं. बराच वेळ चाचपडला आणि घाबऱ्या तोंडानं डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, याले नाडीच नाही."

सगळे हसले, मीही. डॉक्टरांनी त्याचं बोट धरून अंगठ्याच्या बाजूला सरकवलं. "आता?"

"हाव. हाय, हाय," तो म्हणाला, आणि बोट तिथंच दाबून राहिला. दुसऱ्याचं काळीज आपल्या बोटाखाली चाललंय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग मोडलेल्या हाडाला बांबूच्या खपच्या बांधणं, भाजलेल्याला काय करायचं, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, असं एकेका रविवारी झालं. पण ज्या दिवशी मी खरा हादरलो तो रक्तस्रावाचा रविवार. डॉक्टरांनी फळ्यावर माणूस काढला आणि त्यात लाल खडूनं रक्ताच्या वाटा भरल्या. माळ्याचा पोरगा म्हणाला, "म्हंजे मळ्यातल्या पाण्याच्या दांडावानी. वर बांध घातला का खाली पाणी बंद."

डॉक्टर खूश झाले. त्यांनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं आणि ते मला म्हणाले, "याच्या दंडाच्या आतल्या बाजूला, स्नायूखाली, चार बोटं ठेव. हाडावर दाब. दुसऱ्या हातानं मनगटावर नाडी धरून ठेव."

मी दाबलं. मनगटावरची टकटक बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि थांबली.

"गेली," मी म्हणालो.

माळ्याचा पोरगा माझ्याकडे बघून हसत होता, पण त्याच्या मनगटात काहीच नव्हतं. "सोड," डॉक्टर म्हणाले. बोटं उचलली, तशी नाडी परत आली, आधीपेक्षा जोरात.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि आईचा हात धरला. ती भाकरी थापत होती, हाताला पीठ होतं. "काय पाह्यतं?" ती म्हणाली. "बोलू नको," मी म्हणालो. रोज दुसऱ्याच्या शेतात निंदणाऱ्या त्या मनगटातली नाडी संथ होती, एका लयीत. इतकी वर्षं ती तशी चालत होती आणि मी कधी तिथं बोट ठेवलं नव्हतं.

सर्टिफिकेट मिळालं, लायसन मिळालं, आणि मी खामगाव-चिखली गाडीवर लागलो. तिसऱ्या महिन्यात उंद्रीचा एक न्हावी खामगावला गाडीत चढला. गावात दुकान टाकणार होता. त्यासाठी घेतलेला मोठा आरसा चादरीत गुंडाळून पायांमध्ये उभा धरला होता. उंद्री थोडी पुढे राहिली असताना रस्त्यात बैल आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, आरसा फुटला, आणि एक लांब तुकडा न्हाव्याच्या कोपराखाली घुसला. रक्त ठोक्याठोक्यानं उडायला लागलं.

काच रुतलेली, म्हणून जखमेवर दाबता येईना. मी तिकिटांची पेटी टाकली आणि त्याचा दंड धरला. चार बोटं, हाडावर. रक्त ओघळावर आलं, मग जवळजवळ थांबलं.

"सरळ चिखलीला दवाखान्यात घ्या," मी ड्रायव्हरला सांगितलं. उंद्री आली. तिथं उतरणारे कोणी उतरायचं म्हणाले नाहीत.

पाऊण तास मी तसाच गुडघ्यावर होतो. न्हावी पांढरा पडला होता. "मी मरतो का हो?" त्यानं विचारलं.

"नाही. बोलत राहा. दुकान कुठं टाकून राह्यले?"

"शाळेजवळ," तो म्हणाला, आणि डोळे मिटत मिटत दुकानाचं सांगत राहिला.

माझी बोटं बधिर झाली. शेजारच्या एका बाईनं न सांगता माझ्या कोपराला खालून आपल्या दोन्ही हातांचा टेका दिला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

चिखलीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "मी सांगेपर्यंत सोडू नका." काच काढली, चिमटे लावले, आणि मला म्हणाले, "बघायचंय?" तुटलेल्या रक्तवाहिनीचं टोक मी पाहिलं. सुतळीएवढं जाड, प्रत्येक ठोक्याला उडी घेणारं. एवढ्याशावर अख्खा माणूस चालतो, हे मी फळ्यावर शिकलो होतो. खरं मानलं ते तेव्हा.

बाहेर आलो तर सगळी गाडी थांबलेली. त्या बाईनं आपल्या तांब्यातलं पाणी पुढे केलं. माझी बोटं उघडेनात. तिनंच तांब्या माझ्या तोंडाला लावला.

न्हावी वाचला. काचेनं आतला मज्जातंतूही कापला होता, त्यामुळे त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुढे कधी सरळ झालं नाही. दुकान मात्र त्यानं टाकलं, लहानशा आरशावर. उंद्रीला गाडी थांबली की मी कधी कधी त्याच्या दुकानाच्या दारात जाऊन उभा राहायचो. तो उरलेल्या बोटांत कातर धरून कुणाचे तरी केस कापत असायचा, मान वर न करता म्हणायचा, "बसा, साहेब." ड्रायव्हर हॉर्न देईपर्यंत मी त्या हाताकडे बघत राहायचो.