बडोद्यात दार उघडं दिसलं म्हणून

गिरगावात आमच्या चाळीचा टॉवर होणार आहे. नव्या बिल्डिंगमध्ये शेजारी कोण हवं, ते रविवारच्या मीटिंगमध्ये सांगा, असं कमिटीने कळवलं. माझ्या शेजारी सुमीच, त्यात विचारायचं काय? जन्मापासून आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. पण सुमी आता बडोद्याच्या विद्यापीठात शिकवते आणि फोनवर नुसतं "बघू गं" करत होती. ते ‘बघू’ ऐकून माझं डोकं फिरलं. शुक्रवारची रजा टाकली आणि निघाले.

जाणाऱ्यांनी मुंबई सेंट्रलहून सकाळची गाडी पकडावी. चेअर कारने पाच-साडेपाच तास, आणि नाश्ता घरून न्यावा. आईने सुमीसाठी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, बांधून दिले होते, एकावर एक तीन पिशव्यांत. तरी वसईच्या पुढे वास डब्यात हिंडायला लागला. शेजारचे काका सारखे स्वतःच्या बुटांकडे बघत होते आणि मी साळसूदपणे खिडकीबाहेर. एका जागी बसवत मात्र नव्हतं. सुमी नाही म्हणाली तर काय, या विचाराने दोनदा दारापर्यंत फेरी झाली, हातातला चहा गार झाला.

बडोद्यात विद्यापीठ स्टेशनला अगदी लागून आहे. कला शाखेचा तो प्रचंड घुमट बघायला मी रिक्षा थांबवली खरी, पण दोन मिनिटांत म्हटलं, चला. प्राध्यापकांची घरं सगळी सारखी, पिवळी, आणि दारं बंद. एकच उघडं होतं. म्हटलं, हीच आपली सुमी. चपला काढल्या, थेट स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला आणि सोडे आत ठेवले.

मागून आवाज आला, "तमे कोण?"

हातात पूजेचं तबक घेतलेल्या एक आजी उभ्या होत्या. मी म्हटलं, "सुमीची शेजारीण." त्या म्हणाल्या, "सुमीची शेजारीण तर मी."

समोरचं बंद दार उघडून सुमी धावत आली, हात जोडून माफी मागत. वारा यावा म्हणून आजींनी, सुमी त्यांना बा म्हणते, दार उघडं ठेवलं होतं. बा हसल्या, पण ती पिशवी त्यांनी नाकाला पदर लावूनच बाहेर काढली.

संध्याकाळी सुमीने सेव उसळ खायला नेलं. तिखट आहे, पाव जास्तीचा मागून घ्या. शनिवारी सयाजीबागेत फिरलो, आणि मग माझ्याने राहवेना. "माझ्या शेजारी येतेस ना?"

"नाही येत, वैशू," सुमी म्हणाली. "मला इथे दार लावून बसता येतं. आई गेली तेव्हा त्या तेरा दिवसांत मला एकटीने रडायला मिळालं नाही. सारखं कुणीतरी आत."

मला रागच आला. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ चहा घेऊन मीच आत जात होते. घरी जाताना तिने माझ्यासाठी लीलो चेवडो घेतला, तो बडोद्याचा ओलसर चिवडा.

रविवारी दुपारी घरी पोचले. आई मामाकडे गेली होती. गॅलरीत जो तो विचारतोय, "काय म्हणाली सुमी?" दमलेय म्हटलं आणि दार लावून घेतलं. भर दिवसा आमच्याकडे कुणी दार लावत नाही. पिशवी खाली ठेवली आणि मला रडूच आलं.

डोळेही पुसले नव्हते, तोवर कडी वाजली. "वैशू, बरं नाही का गं?" पलीकडच्या पाटकरकाकू. मागे आणखी दोघी-तिघींचे आवाज. मला त्या क्षणी कुणी म्हणजे कुणी नको होतं. आणि तेव्हा कळलं सुमी काय म्हणत होती ते. पदर नव्हता, ओढणीने तोंड पुसलं, दार उघडलं. काकूंच्या हातात चहा होता. प्यायले, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

मीटिंगमध्ये शेजारी म्हणून पाटकरकाकूंचं नाव दिलं. घरी येऊन सुमीला मेसेज टाकला, "पुढच्या वेळी बेल वाजवेन."

लगेच उत्तर आलं, "वाजव. आणि सोडे आण."