साच्यातला आवाज

मिस्त्रीला कुणी साहेब म्हटलं की तो मागे वळून बघायचा, कोण आलंय म्हणून. अर्धं आयुष्य पंख्यांची वाइंडिंग करण्यात गेलेलं. अंध मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या त्या केंद्रात तो आला होता वायर ओढायला. तिथे टायपिंग शिकवणाऱ्या बाई त्याला भेटल्या, बाईंशी लग्न झालं, आणि वायर ओढून संपली तरी हा काही हलला नाही. हळूहळू यंत्रांची सगळी देखभाल त्याच्याच गळ्यात पडली.

टेबलांवरच्या डब्यांमध्ये तसं काहीच नव्हतं. सगळा जीव दूर मुख्य कचेरीतल्या एका मोठ्या यंत्रात. तिथे केंद्राच्या कॉम्प्युटरची एक इमेज, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमसकट तयार नमुना, ठेवलेली, तिला सगळे साचा म्हणत. सकाळी मशीन सुरू केलं की ज्याला त्याला साच्याची ताजी प्रत मिळे. दिवसभर तिच्यात हवा तो गोंधळ घाला, संध्याकाळी मशीन बंद झालं की प्रत पुसली जाई आणि साचा होता तसाच राही. साचा वापरायची परवानगी सगळ्यांना होती. बदलायची एकट्या मिस्त्रीला.

आणि साच्यात होता बाईंचा आवाज.

पडद्यावर जे येईल ते मुलांना वाचून दाखवायला आवाज लागतो. विकतचा परवडत नव्हता, म्हणून बाईंनी कपाटात गोधड्या लावल्या आणि आत बसून वाक्यांमागून वाक्यं वाचली. त्यातून असा आवाज तयार झाला की काहीही टाइप करा, बाई वाचणार. 'मंगळवार' वाचला त्या दिवशी त्यांना कडक सर्दी होती.

"परत म्हण," मिस्त्री म्हणाला.

"राहू दे हो. मंगळवारात एवढं काय आहे, की स्वच्छ नाकानं म्हणायचं?"

तेव्हापासून केंद्रात बाकी सगळे वार निरोगी आणि मंगळवार तेवढा चोंदलेला. मुलं त्या शब्दाला हटकून हसायची.

मग बाईंना दुखणं लागलं आणि औषधाला दाद न देता घेऊनच गेलं. बायको गेलेल्या माणसाला घर खायला उठतं. मिस्त्रीलाही उठायचं. पण सकाळी कामावर आला, मशीनं सुरू झाली की कोपऱ्याकोपऱ्यातून बाई बोलायला लागायच्या. माणसं दिवस संपवून बायकोकडे घरी जातात, हा रात्र संपवून कामावर यायचा.

भांडण काढलं ते वकिलीणबाईनं. ती वकील नव्हती, विद्यार्थिनीच होती. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नव्हतं, म्हणून ते नाव.

"मिस्त्रीकाका, साचा सगळ्यांचा ना? मग बदलायची परवानगी एकट्या तुम्हालाच का?"

"बिघडला म्हणजे?"

"म्हणजे आम्ही बिघडवणारच, हे तुम्ही धरूनच चाललाय! रस्ता ओलांडताना लोक न विचारता आमचा दंड धरतात, तसंच झालं की हे."

हे त्याला झोंबलं, कारण खरं होतं. त्यानं त्याच दुपारी सगळ्यांना परवानगी देऊन टाकली. हक्क मागितल्यावर कसा द्यायचा हे शिकायला मोठमोठ्या लोकांना पिढ्या लागतात, मिस्त्रीला एक चहा लागला. त्याचं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. साच्याची दुसरी प्रत त्यानं कधी ठेवलीच नव्हती. कचेरीवाले जागा नाही म्हणून रडायचे, मूळ रेकॉर्डिंगची डिस्क केव्हाच मेलेली, आणि कुलूप आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त झोपतो. कुलूप काढलं त्या दिवशी तरी प्रत काढायला हवी होती. ते राहून गेलं.

पुढे एका दुपारी जेवणाची सुट्टी संपवून तो खोलीत शिरला, तर सगळीकडून एक भलतीच बाई बोलत होती. भराभरा, खणखणीत, कुठे श्वास घ्यायला थांबायची नाही.

"हे काय गं?" त्यानं वकिलीणबाईला विचारलं.

"नवा आवाज, काका! फुकट मिळाला. नोकरीच्या परीक्षेला वेग लागतो, आणि आपल्या बाई म्हणजे निवांत कारभार. साच्यातच घातला, सगळ्यांना मिळाला."

"आणि जुना?"

"काढला. दोन्ही एकत्र चालेनात." मग तिचा स्वर जरा खाली आला. "तुमच्याकडे दुसरी प्रत असेलच ना? तुमच्याकडे नसेल असं कसं होईल?"

मिस्त्रीनं खुर्ची ओढली, त्या खरखरीचा आवाज तेवढा तिला ऐकू आला.

"काका? आहे ना?"

त्यानं कचेरीत फोन लावला. तिथल्या साहेबाला बाईंची गोष्ट सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून कामापुरतंच बोलला. "कालचा साचा परत मिळेल का?"

"बदलला कोणी?"

"एका विद्यार्थिनीनं."

"तिला परवानगी कोणी दिली?"

थाप मारता आली असती. "मी दिली. सगळ्यांनाच दिली."

"सगळ्यांना? धर्मशाळा आहे का ती?" पलीकडे बटणं खडखडली. "काढली सगळ्यांची. तुमचीसुद्धा. आता वरून लेखी आल्याशिवाय मिळायची नाही."

"आणि कालचा साचा?"

"तो कुठून असणार? जुनं ठेवायला जागा आहे का आमच्याकडे?"

फोन ठेवला आणि मागून आवाज आला. "क. म. ल. कमल."

बाई!

भिंतीकडेच्या टेबलावर आजोबा बसले होते. म्हातारपणी दृष्टी गेलेले, सकाळपासून एकच धडा गिरवणारे. जेवण जागेवरच उरकलं; सुट्टीत बाकीच्यांनी मशीनं बंद करून पुन्हा सुरू केली, यांनी बंदच केलं नव्हतं. त्यांच्यापुढे सकाळची प्रत अजून जिवंत होती.

"आजोबा, हात वर! कशालाच हात लावू नका!"

"अरे, काय, बाँब आहे का काय?"

चालू प्रतीवरून नवा साचा करता येतो. काम एवढंसं. मिस्त्रीनं स्वतःचा पासवर्ड टाकला, 'साचा म्हणून जतन करा' यावर आला आणि दाबलं.

बाई सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आपल्याला ही परवानगी नाही."

त्यानं पुन्हा दाबलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. कपाटात हे वाक्य वाचताना त्या वैतागल्या होत्या, 'सारखं काय नाही, नाही म्हणायला लावताय मला?'

फोन आधी केला नसता तर परवानगी होती. आधी आजोबांकडे वळला असता तर होती. साहेबाला त्यानं पुन्हा फोन लावला. "एकदा सांगितलं ना, लेखी," एवढं म्हणून साहेबानं ठेवला. आवाज तेवढा काढून घ्यावा म्हटलं, तर त्यालाही तीच परवानगी लागायची. मशीन चालूच ठेवावं म्हटलं, तर केंद्राची वेळ संपली की कचेरीतूनच सगळं बंद व्हायचं.

वकिलीणबाई चाचपडत टेबलाशी आली होती. तिनं फोन पुढे धरला. "मी रेकॉर्ड करते. काहीतरी बोलायला लावा त्यांना, काका."

फोनमध्ये बोललेलं राहतं, बोलणं राहत नाही, हे तिलाही कळत होतं. तरी ती हात लांब करून उभी राहिली.

आजोबांनी खुर्ची दिली. काय लिहायचं? काहीही लिही, बाई म्हणणार. घरी त्या हाक मारायच्या ती हाक त्यानं लिहायला घेतली आणि अर्ध्यात पुसली. त्या कपाटात जे बोलल्या नव्हत्या, ते आता त्यांच्या तोंडात कोंबायला त्याचा हात धजेना. मग त्यानं एकच शब्द लिहिला.

"मंगळवार," बाई चोंदल्या नाकानं म्हणाल्या.

आजोबा फसकन हसले. मिस्त्रीनं पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा. बाहेर ऊन उतरलं, मुलं काठ्या टेकत घरी गेली, तरी तो लिहीत राहिला. शेवटी बाईंनी आपणहूनच सांगितलं, रोज संध्याकाळी सांगायच्या तसं, "केंद्र बंद होत आहे. आपलं काम जपून ठेवा."

पडदा काळा झाला. वकिलीणबाई रडत होती. मिस्त्रीनं तिला दंड न धरता, "पुढे पायरी आहे," एवढंच सांगून दारापर्यंत सोबत केली.

परवानगी पुढे आली, रीतसर, सहीशिक्क्यासकट. मिस्त्रीनं आधी साच्याची दुसरी प्रत काढली आणि मग बदलायची परवानगी पुन्हा सगळ्यांना दिली. पहिली वकिलीणबाईला. "एवढं झाल्यावर?" असं कुणीतरी म्हणालंच. मिस्त्री भडकला. "तिनं हक्क वापरला. प्रत ठेवायची होती ती मी. उगाच तिच्या डोक्यावर घालू नका."

वकिलीणबाई परीक्षा पास झाली. नोकरी लागल्यावर सांगायला आली, बराच वेळ बसली, आणि उठता उठता तिनं फोन काढला.

"काका, ते अजून आहे माझ्याकडे. लावू?"

मिस्त्री एका माउसची वायर सोलत होता. "आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मग आज नको. आज न लावताच ऐकू येतं," तो म्हणाला, आणि वायर सोलत राहिला.