गोलबाईंची न वाजणारी घंटा

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून पुसलं, कारण मावशीचं काम मला स्वतःलाच धड कळत नाही. पण कालचं पोटात राहीना.

मावशीला ऑफिसात सगळे गोलबाई म्हणतात. दिवसभर ती गोल काढते आणि त्यांना बाण जोडते. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात, तेव्हा कोण कुठल्या अवस्थेत आहे तो गोल. कुठला निरोप आला की पुढे कुठे जायचं, तो बाण. मग कॉम्प्युटर त्या बाणांवरून सगळ्या वाटा चालून बघतो, कुठे घोळ आहे का. नसला तर मावशी सही करते. सहीशिवाय माल बाहेर पडत नाही.

या वेळी हॉस्पिटलचं काम होतं. पेशंटच्या उशाशी घंटा, नर्सच्या टेबलावर तिचा निरोप घेणारा डबा. वाजलेल्या प्रत्येक घंटेला डब्याचं उत्तर मिळतं का, एवढंच तपासायचं.

काल सकाळी कॉम्प्युटर चार सेकंदांत म्हणाला, चूक नाही.

मावशी चक्रावली. गेल्या आठवड्यात यालाच चाळीस मिनिटं लागली होती. मधे तिनेच एक सुधारणा सुचवली होती, की आधी दोघांनी एकमेकांना ओळख द्यायची, मगच बोलायचं. काम वाढलं, मग वेळ कमी कसा? तिने पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा चार सेकंद.

"गोलबाई, पास झालंय ना?" साहेब दारातून म्हणाले. "मग पेन सापडत नाहीये का?"

"पास झालंय म्हणूनच धाकधूक होतेय."

"नापास झालं की घाबरता, पास झालं की घाबरता. आम्ही हसायचं कधी? चारला माल न्यायला गाडी येतेय."

असं अडलं की पूर्वी ती ताईला, म्हणजे माझ्या आईला, फोन लावायची. आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, ती नुसती "हं, मग?" म्हणायची, आणि सांगता सांगता मावशीला चूक सापडायची. काल तिने फोन उचलला आणि ठेवला. अकरा महिन्यांत बोलणं नव्हतं. भांडण नाही, काही नाही. ताई मोकळी झाली की करेल, एवढंच.

मग ती गोलावर बोट ठेवून स्वतःलाच सांगायला लागली. "घंटा म्हणते, डब्याने ओळख दिली की मी देईन. हं, मग? डबा म्हणतो, घंटेने दिली की मी देईन. हं, मग?"

बोट पहिल्याच गोलावर अडकलं.

घंटा वाजतच नव्हती. न वाजलेल्या घंटेला उत्तर कसलं द्यायचं? म्हणून चूक शून्य, आणि चालून बघायला वाटाच नाहीत म्हणून चार सेकंद. एरवी दोघं असे अडकून बसले की कॉम्प्युटर ओरडतो, पण यंत्रं नुसती निवांत असली तरी तो ओरडायचा, म्हणून वैतागून तिनेच ती सूचना बंद केली होती.

"पण तो चूक नाही म्हणाला ना?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"साहेब, तिथे काही घडतच नाहीये. चूक होणार कुठून?"

गाडी रिकामी गेली.

संध्याकाळी आईने दार उघडलं तर समोर मावशी.

"अगं, कोणाला काही झालं का?"

"नाही गं. तुझ्या फोनची वाट बघत होते."

"मी? मी तुझ्या फोनची बघत होते. तू कामात असतेस ना."

आईने तिला हाताला धरून आत ओढलं. आधी फोन कोणी करायचा होता, ते चहा संपेपर्यंत ठरलं नाही.

तुमचंही असं कोणीतरी असेल, ज्याच्याशी भांडण नाही पण भेटही नाही. या रविवारी जाऊन या ना. त्यांचा फोन येईल म्हणून थांबू नका.